मनात वाच

"मग? दार उघडलं का नाही तिनं?" आजीनं विचारलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"तेवढाच उतारा आहे, आजी. पुढं प्रश्न आहेत."

"प्रश्न गेले खड्ड्यात! नवरा बाहेर ताटकळतोय, बायको आत रडतेय, आणि हे इथंच थांबले? लिहिणाऱ्याला काही लाज?"

नात हसली. "लेखकाचा सूर कसा आहे? उदास, तटस्थ, उपरोधिक की आशावादी?"

"अर्धवट," आजी म्हणाली. "लिही."

कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत दोन भाग होते, गणित आणि वाचन. कॉलेज लांबच्या शहरातलं. शाळा सुटली की नात आजीच्या इस्त्रीच्या दुकानात यायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर तयारीला बसायची. गणित ती मुकाट्यानं सोडवायची, भराभर. तेवढा वेळ दुकान आजीला खायला उठायचं. वाचनाचा भाग मात्र मोठ्यानं व्हायचा. आजीचा हुकूमच होता तसा. आजीला अक्षरं जुळवता यायची, पण एक ओळ जुळेपर्यंत कुणाची तरी कॉलर करपायची. आता कॉलर, बाही, पाठ, सगळं उताऱ्याच्या तालावर चालायचं. जहाजावर निघालेले दोघे भाऊ, म्हाताऱ्या मास्तरणीचा हरवलेला कुत्रा, दार न उघडणारी ही बया. सगळे अर्ध्यात सोडून जायचे. मग अंथरुणावर पडल्या पडल्या आजी एकेकाला आपल्या मनानं घरी पोचवायची.

सराव परीक्षा झाली आणि शिकवणीच्या मॅडम स्वतःच दुकानात आल्या.

"गणित उत्तम. वाचनात शेवटचे उतारे कोरेच राहिले. ही ओठ हलवत वाचते, एकेक शब्द चावत. अशानं प्रवेश मिळायचा नाही. ही सवय लावली कुणी?"

नातीनं मान खाली घातली. "मला तसंच कळतं, मॅडम."

आजी चादरीची घडी घालत राहिली. तोंडानं अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी ही बाई घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागली.

मॅडम वळणावरून दिसेनाशा झाल्यावर तिची जीभ सुटली. "उद्यापासून मनात वाचायचं. तुझी भुणभुण ऐकून कान किटलेत माझे."

"पण आजी, तुला आवडतं ना ऐकायला?"

"मला? कुणाची कोण ती माणसं! आपल्याच सोयऱ्यांची लफडी निस्तरता निस्तरता माझा जन्म गेला. ओठ हलले तर इस्त्री टेकवीन, सांगून ठेवते."

ओठ हलायचेच. हलले की आजी टेबलावर हँगर आपटायची. शेवटी नात पेन्सिल दातांत धरून बसायला लागली. आजी शर्टावरून इस्त्री फिरवायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून नातीचं तोंड वाचायची. भुवई वर गेली, म्हणजे कुणीतरी दारात उभं राहिलं असेल. गालात हसली, म्हणजे कुणाची तरी फजिती झाली असेल. विचारायला जीभ शिवशिवायची. आजी ती दाबून धरायची आणि बिचाऱ्या कफवर जास्तच जोर द्यायची.

हळूहळू ओठ मिटले. मग भुवयाही हलेनाशा झाल्या. पानं तेवढी उलटायची.

एका संध्याकाळी नातीनं पेन्सिल फेकली. "आजी! सगळे उतारे झाले! वर वेळ उरला!"

तिनं मागच्या पानावरची उत्तरं ताडून बघितली. जवळजवळ सगळी बरोबर. ती उठून आजीच्या गळ्यातच पडली.

"अगं हो, हो! पाडशील मला," आजी म्हणाली. पण गळ्यातले हात सोडवले नाहीत. थोड्या वेळानं, कुठल्याशा बटणाकडे बघत, तिनं विचारलंच. "काय होतं गं आज? त्या शेवटच्यात?"

नात थबकली. आठवून बघू लागली.

"कुणीतरी बाई होती. तिला कुठंतरी जायचं होतं. की परत यायचं होतं?" ती ओशाळली. "नाही आठवत गं. उत्तर सापडलं की पुढं जायचं असतं, आजी."

आजीनं मान हलवली आणि पुढचा शर्ट ओढला. परीक्षा अजून व्हायची होती. पण पोरगी पास झाली, हे तिला तेव्हाच कळलं.