पुंजाजी खपला

हरीओमने दारासमोर गाडी लावली, तेव्हा पुंजाजी अंगणात बाजेवर बसून बशीतला चहा फुंकत होते. चांगले धडधाकट. भोवती सोयरेधायरे जमलेले, अर्धे हसत होते, अर्धे अजून डोळे पुसत होते. किन्हीराजाहून जीप करून रडत आलेली लेक हेमला तर बापाचा हात सोडायलाच तयार नव्हती.

"या, इंजिनेर साहेब!" पुंजाजी म्हणाले. "मले सांगा, म्या खपलो त मले इकत कोनं घेतलं?"

अंगणभर हशा पिकला. हरीओमचे कान तापले.

रिठदच्या शेतकऱ्यांच्या गटाला वेबसाइट त्यानेच करून दिली होती. माल विकला की सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर मेसेज जायचा. आधी नाव, मग माल, मग 'खपला'. पुंजाजी हरभरा खपला. आज गोडाऊनवर कोणीतरी नाव भरलं, मालाचा रकाना कोराच सोडला, आणि गावभर मोबाइल वाजले: पुंजाजी खपला. पुंजाजी तेव्हा रिसोडच्या बाजारात, अन् त्यांचा मोबाइल घरी खुंटीला.

साइट केली होती फ्लास्कमध्ये. फ्लास्क म्हणजे वेबसाइट उभी करायचा नुसता हलका सांगाडा, बाकीचं काम एक्स्टेन्शन, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे, जोडून करायचं. लॉगिनचं एक, मेसेजचं एक, फॉर्मचं एक. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळं जग तसंच करतं. फॉर्मच्या एक्स्टेन्शनला फक्त बजावायचं असतं, हा रकाना रिकामा घेऊ नकोस. एवढंसं काम! कसं करायचं ते माहितीच्या पानावर ठळक लिहिलेलं. पण या पठ्ठ्याने ते पान उघडलंच नव्हतं. नमुन्याचा कोड उचलला, चिकटवला, चालला तसा छाती फुगवून मोकळा.

येताना रस्ताभर त्याने ठरवलं होतं, सरळ पाय धरायचे. पण एवढे डोळे रोखलेले पाहिले आणि जीभ भलतीकडेच वळली.

"काका, ते एक्स्टेन्शन बाहेरचं असते. कोन्या दुसऱ्यानं लिहेलं. गलती त्याची हाय, माह्यी नाही."

"दुसऱ्यानं?" पुंजाजींनी बशी खाली ठेवली. "गटाच्या सभेत त तू म्हने, सारं म्या एकट्यानं लिहेलं."

आता कोणी हसलं नाही. खोटं बोललो, तेही या माणसासमोर. थू आपल्या शिक्षणावर, असं हरीओमला झालं.

"जाऊ द्या न बापा, पोराले कायले छळून राह्यले?" आतून कस्तुराबाई चहा घेऊन आल्या. पुंजाजींच्या घरधनीण. कप घ्यायला हरीओमने हात पुढे केला, आणि तिथेच थबकला. काकूंची दोन्ही मनगटं मोकळी होती. एका मनगटावर हळद दाबलेली, तिच्याखालून ताजा ओरखडा दिसत होता.

"मेसेज वाचून दाखवला कोनं तरी," हेमला खालच्या आवाजात म्हणाली. "मायनं उंबरठ्यावर हात आपटले. येकबी बांगडी राह्यली नाही."

नवरा समोर चहा पितोय आणि बाईचे हात असे! हरीओमने कसाबसा कप घेतला. त्याला म्हणायचं होतं, काकू, तो दुसरा कोणी नाही, मीच आहे. पण त्याने कप तोंडाला लावला.

कस्तुराबाईंनी लगबगीने पदर ओढून मनगटं झाकली.

"असू दे रे बापा. कासाराले निरोप धाडला हाय, येईनच आता. तू नोको मनाले लावून घेऊ, तुह्यी काय गलती त्याच्यात?" त्या म्हणाल्या. "पन त्या दुसऱ्याले येक डाव घरी घेऊन येजो. मले त्याचं तोंड पाहाचं हाय."