साखरपाण्यातली अंडी

“बाबा, टोपली नीट धरा. हंस घाबरतोय,” वेनशू कुजबुजला.

“पोरा, अजूनही परत फिरू. गावभर हसं होईल.”

“होऊ दे. आज होकार घेतल्याशिवाय मी हलायचा नाही.”

रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहाटेच उठून त्याने दोघांचे झगे झटकले होते, वडिलांचे केस नीट बांधून दिले होते. आता ते लियांगच्या दारात येऊन पोचले होते.

हुआ मावशीने, म्हणजे लग्न जुळवणाऱ्या बाईने, मागणीची भेट म्हणून आणलेल्या हंसाची टोपली त्यांच्या हातून घेऊन पुढे केली. “लियांग, स्थळ लाखात एक आहे. नंतर मला नावं ठेवायची नाहीत हं!”

लियांग वेनशूच्याच वयाचा. पण बाप गेल्यापासून घराचा कर्ता तोच, त्यामुळे चेहरा न्यायाधीशाचा. त्याने चहा दिला. तो रिवाजच होता. खरी गंमत पुढे. पसंती असेल तर आतून साखरपाण्यातली अंडी यायची. पुन्हा चहाच आला, तर मुकाट उठायचं. गेल्या हिवाळ्यात एका धान्यवाल्याला या घराने दुसरा चहा पाजून वाटेला लावलं होतं.

“दारू?” लियांगने विचारलं.

“सणाला एखादा पेला,” वेनशू म्हणाला.

“हात उचलणं?”

“आजवर कोंबडीवरसुद्धा नाही.”

“घरात बाईमाणूस?”

“आई गेल्यापासून चूल मीच पेटवतो. भात रोज करपतो.”

पडद्याआडून कुणीतरी खुदकन हसलं. वडील कानापर्यंत लाल झाले.

लियांग मात्र हसला नाही. “आमचं माणूस फार सोसलेलं आहे. लोक टोमणे मारतील, तेव्हा कुणाच्या बाजूने उभे राहाल?”

“तिच्या,” वेनशू ताडकन म्हणाला. “माझ्या जिवात जीव असेतो तिला आमच्या घरात कुणी वर तोंड करून बोलणार नाही.”

लियांग उठून आत गेला. कुजबुज झाली. हुआ मावशी पुटपुटली, “संपलं वाटतं.”

पडदा सरला. लियांगची बायको बाहेर आली. तिच्या हातातल्या वाडग्यातून वाफ येत होती, आणि गोड वास.

अंडी!

वेनशू उडालाच. त्याने दोन्ही हातांनी वाडगा घेतला, वळला आणि वडिलांपुढे गुडघे टेकले.

“खा, नवरदेव! लियांगची आई आता माझीही आई.”