भोगीला आलेली डबी

दिवा पुन्हा आपोआप लागला. सावनीने फोन सरसावला आणि व्हिडिओ सुरू केला. भिंतीला टेकवलेल्या फळीवर तिने जुने रिमोट, बटणांचे मोबाइल, तुटके कीबोर्ड असं सगळं भंगार बसवलं होतं. बघणाऱ्याने कुठलंही बटण दाबावं आणि फळीवर कुठेतरी एखादा दिवा लागावा, अशी रचना. डिझाइन कॉलेजच्या या प्रोजेक्टला तिने नाव दिलं होतं, 'हाक मारून बघा'.

मधली एक पांढरी डबी मात्र कुणी हात न लावताच लुकलुकायची. आधी ती टिंगटिंग वाजायचीसुद्धा, तेही नेमकी सावनी कामात असताना. वैतागून तिने आतला स्पीकर उपटला आणि त्या जागी लाल दिवा जोडला. बिघाड काही सापडेना, तेव्हा बाईसाहेबांनी बिघाडालाच कला म्हणून टाकलं. परवा संध्याकाळी तर दिवा थांबायचं नाव घेईना. 'माझं काम आता जिवंत झालंय' असं लिहून तिने तो व्हिडिओ टाकला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. कॉलेजच्या सरांनीही पाठ थोपटली. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

भंगार जमवायची युक्ती तिचीच. तिच्या साताऱ्याला भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. इथे चेन्नईत त्या दिवशी घरातलं जुनंपानं बाहेर काढतात. म्हणून वेलचेरीच्या आपल्या बिल्डिंगमध्ये तिने घरोघरी सांगून ठेवलं होतं, की यंदा जुनी यंत्रं फेकू नका, माझ्या दारात आणून द्या. भोगीला सकाळपासून तिच्या दारात रीघ लागली आणि पोतं भरलं.

दारावर टकटक झाली. पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. खालच्या मजल्यावरच्या सईबाईंचा मुलगा उदयसिंह, बंगळुरूहून आलेले. सईबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या, एकट्याच राहायच्या. सावनी मराठी बोलते म्हटल्यावर त्या तिला जिन्यात गाठून गप्पा मारायच्या. त्यांचं ते जुन्या वळणाचं, मध्येच तमिळमध्ये शिरणारं मराठी ऐकायचा सावनीला भारी कंटाळा. ती नुसती हो हो करून सटकायची.

उदयसिंहांनी हात जोडले. "परवा संध्याकाळी अम्मा न्हाणीत पडली. मनगट मोडलं. गळ्यातलं बटण दाबलं आणि तुम्ही धावत आलात, म्हणून बरं."

ते सांगत होते, की त्या बटणाने वाजणारी बेलची डबी आधी समोरच्या बिऱ्हाडात असायची; ते सोडून गेलं तेव्हापासून ती कुणाकडे ठेवायची याचा अम्माला घोर लागला होता. तुम्ही ती ठेवून घेतलीत. बटण दाबलं की वरची मुलगी दर वेळी येते, असं ती फोनवर सांगते. खरं तर या खेपेला वृद्धाश्रमात तिचं नाव घालायलाच आलो होतो. ती तिथे जायला मुळीच तयार नाही. पण तुम्ही आहात म्हणून तो विचार सोडला.

सावनीला आठवलं. भोगीच्या त्या गर्दीत सईबाई धापा टाकत जिना चढून आल्या होत्या. डबी पुढे करून, गळ्यातलं बटण दाखवत बराच वेळ काही सांगत होत्या. सावनीच्या कानात गाणं चालू होतं. "हो आजी, हो," म्हणत तिने डबी पोत्यात टाकली होती.

आता खरं सांगावं तर सईबाईंचं राहतं घर सुटणार. गप्प बसावं तर न केलेल्या उपकाराचे आभार पदरात घ्यायचे. शरमेने तिची मान खाली गेली. उदयसिंहांना तो विनय वाटला. कौतुकाने बघून ते औषधं आणायला गेले.

तिने फळीवरची डबी उचकटली. स्पीकर परत जोडताना घाईत दोनदा चटका बसला. मग ती खाली गेली. सईबाई पलंगावर बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून. त्यांच्या नजरेला नजर देणं तिला जमेना.

"आजी, मी एकदाही आले नाही. माझ्याबद्दल खोटं का बोललात?"

सईबाईंनी धड हाताने तिला जवळ ओढून बसवलं.

"खोटें कशास, कण्णा? तूं हो म्हटलीस. यायास थोडा उशीर जाहला, तितुकेंच."