सॅम्पल फ्लॅटची खिडकी

लिफ्टचं दार बंद झालं तशी स्वप्नालीने प्रज्वलला पुन्हा बजावलं, "वर गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही. आज्जीचा हात सोडायचा नाही."

चार वर्षांच्या प्रज्वलने तोंडावर बोट ठेवलं. ते बघून सुमनताईंनीही ठेवलं.

"आई, तुम्ही नका हो." स्वप्नालीला हसू आलं. "फक्त दापोडीचं नाव काढू नका. कुणी विचारलंच तर घर घ्यायचं चाललंय म्हणायचं."

"मला न्हाई बाई लबाड बोलता येत."

"म्हणून तर म्हणते, बोलूच नका."

घर घ्यायचं काही चाललेलं नव्हतं. सुमनताई उद्या परभणीला परत निघणार होत्या. सुनेकडे आल्यापासून रोज संध्याकाळी त्या दापोडीच्या गच्चीवर बसून पुनावळ्याकडचे उंच टॉवर बघायच्या. टॉवरांच्या टोकाचे लाल दिवे लागले की म्हणायच्या, "तिथून आपलं घर दिसत असंल का गं?"

मागच्या आठवड्यात स्वप्नाली त्यांना अशाच एका टॉवरपाशी घेऊन गेली होती. वॉचमनने चारचौघांत सुनावलं, "ताई, ही काय बाग आहे का फिरायला यायला?" परतताना सुमनताई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं स्वप्नालीला अजून टोचत होतं. पुन्हा तसं झालं तर त्या तोच अपमान घेऊन गावी जाणार.

म्हणून आज कडक इस्त्रीचा कुर्ता आणि कॉलेज संपल्यावर मुलाखतींना नेलेली काळी फाइल. आत प्रज्वलच्या लसीकरणाचे कागद होते, पण बाहेरून फाइल भारदस्त दिसायची. नवरा निरंजन चाकणला शिफ्टला गेला होता, त्याला तिने यातलं काही सांगितलंच नव्हतं.

फाइलने काम केलं. खालच्या वॉचमनने चक्क सलाम ठोकला. "सेल्सचे लोक वरच आहेत, मॅडम. बत्तिसावा मजला."

वर सॅम्पल फ्लॅटचं दार उघडंच होतं. हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी टाय लावलेला एक तरुण उभा होता. गळ्यात निळी फीत, तिचं कार्ड शर्टाच्या खिशात खोचलेलं. सोफ्याच्या अगदी कडेला बुरखा घातलेल्या एक वयस्क बाई बसल्या होत्या.

म्हणजे गिऱ्हाईक आधीच आहे, स्वप्नालीने मनात म्हटलं. बरंच झालं.

त्यांना पाहून तो तरुण चटकन सरळ झाला. "नमस्कार, मॅडम."

"नमस्कार." तिने फाइल छातीशी घट्ट धरली. "तुमचं चालू द्या. आम्हाला घाई नाही."

"थँक्यू, मॅडम," तो म्हणाला आणि बाईंकडे वळला. "उठिए, इधर से देखिए. वो पिंपरी का बड़ा अस्पताल. दिखा?"

बाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. "कितना छोटा लगता है यहाँ से," त्या हसल्या.

गिऱ्हाइकाला आधी दवाखाना दाखवतोय. पोरगा जबाबदार दिसतो, स्वप्नालीला वाटलं.

ती दोघांना घेऊन बाल्कनीत आली आणि सवयीने आधी कठड्याला हात लावून पाहिला. तरुण मागोमाग दारात आला तेव्हा तिला राहवलं नाही. "लहान मुलं असतात घरात. पक्कं आहे ना हे?"

त्याने कठडा गदागदा हलवला, वाकून सांधा पाहिला. "वेल्डिंग एक नंबर आहे, मॅडम."

"बरीच माहिती आहे तुम्हाला."

"रोजचंच काम आहे," तो लाजून म्हणाला.

मग तिने निवांत समोर पाहिलं. खाली हायवेवर ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते. उजवीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती उन्हात चमकत होत्या. पवना नदीची वाकडी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना टॉवरच टॉवर, कुणी पूर्ण झालेले, कुणी अजून डोक्यावर क्रेन घेऊन उभे. खालून अंगावर येणाऱ्या त्या इमारती इथून कशा समजूतदार वाटत होत्या. प्रज्वलने तोंडावरचं बोट अजून काढलं नव्हतं, पण डोळे विस्फारले होते.

"मेट्रोचा पूल दिसतोय का बघा," ती सासूबाईंच्या कानाशी पुटपुटली. "त्याच्या पलीकडे."

सुमनताईंनी डोळे बारीक केले आणि एकदम ओरडल्या, "दिसलं गं, दापोडी! आपली गच्ची!"

स्वप्नालीने घाईने त्यांचा दंड दाबला. तिला स्वतःला तिथे नुसतं धुरकट दिसत होतं. तिने चोरून मागे पाहिलं. तरुणाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"तेच, तेच," ती हळूच म्हणाली. सुमनताईंनी पदराने डोळे टिपले आणि त्या धुरकटपणाकडे खुशाल बघत राहिल्या.

"इथून सूर्यास्त चांगला दिसत असेल ना, मॅडम?" तरुणाने विचारलं.

गिऱ्हाइकाला बोलतं करायची ही पद्धत तिला ऐकून माहीत होती. "डोंगर तिकडेच आहेत ना, दिसणारच," ती म्हणाली. त्याने मान डोलावली आणि लगेच बाईंना डोंगर दाखवायला गेला.

बराच वेळ झाला तरी त्याने बजेट विचारलं नाही, मोबाइल नंबर मागितला नाही, की लोनचं नाव काढलं नाही. स्वप्नालीला आता भीतीपेक्षा अपराधी वाटायला लागलं. बिचाऱ्याची अख्खी दुपार आपण फुकट घालवली. निदान त्याच्या साहेबांपाशी चार चांगले शब्द तरी बोलायचे, तिने ठरवलं.

संधी लगेच आली. लिफ्ट थांबली आणि छातीवर 'दीपमाला' नावाची पट्टी लावलेली मुलगी रुमालाने हात पुसत धावत आत आली.

"सॉरी हं, जेवायला गेले होते. तुम्हाला कुणी फ्लॅट दाखवला का?"

"हो, अगदी छान दाखवला," असं म्हणत स्वप्नालीने टायवाल्याकडे बोट केलं, आणि त्याच वेळी टायवाल्याने स्वप्नालीकडे.