मागच्या रस्त्यानं

सकाळपासूनची चौथी गाडी फाटकाला आडवी लागली, तशा फौजदारीणबाई काठी घेऊन उठल्या.

"तळं तुमच्या बापाचं असेल, फाटक माझं आहे. काढा."

गाडीवाला पुटपुटत पुढे सरकला. बाई परत पायरीवर बसल्या. त्यांचं खरं नाव आता कुणी घेत नसे; हे नाव या गाड्यांपायीच पडलेलं.

तीन वर्षं त्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी तळं बघायला येणाऱ्यांच्या गाड्या गावाखालीच अडवा, वर तळ्यापर्यंत बस सोडा, एवढंच मागणं. गावाला वाटे, म्हातारीला भांडायला निमित्त हवं. पण बाईंचा मुलगा शहरात होता, आणि तो येत नव्हता. दर फोनला तेच. "आई, त्या गर्दीत गाडी घालायची म्हणजे अर्धा दिवस रस्त्यावर जातो. गर्दी हटू दे, मग येतो."

शेवटचा आला तेव्हा बाईंनी त्याच्या गाडीसाठी उशी शिवून दिली होती, वडिलांच्या निळ्या चौकड्यांच्या सदऱ्यांची. निळा दोरा संपला म्हणून एक कोपरा लाल दोऱ्यानं शिवला.

"ते दिसतंय गं," मुलगा म्हणाला होता.

"दिसू दे. बसणाऱ्याला टोचत नाही."

आज अखेर कचेरीनं पाहणीला एक मुलगी पाठवली. दिवसभर तळ्याकाठी उभी राहून तिनं पाहुण्यांना प्रश्न विचारले, आणि संध्याकाळी परतीच्या बसची वाट बघत ती बाईंच्या पायरीवर टेकली.

"काय म्हणतात लोक?"

"गाड्या कमी व्हाव्यात म्हणतात. झाडून सगळे."

"मग झालं की."

"दुसऱ्यांच्या. स्वतःची खाली ठेवाल का विचारलं, तर कुणाकडे सामान, कुणाकडे मूल. एकाकडे कुत्रं होतं."

"त्याला चार पाय असतात म्हणावं."

मुलगी हसून कागद चाळू लागली. "एकच जण धड बोलला. यंदा सातव्यांदा आलाय. गर्दीचा त्रास? अजिबात नाही."

"हवेतून येतो काय?"

"मागच्या रस्त्यानं, टेकडीला वळसा घालून. तासभर जास्त लागतो, पण या रस्त्यानं यायचंच नाही म्हणाला."

"शहाणा आहे. साऱ्यांनी त्याचा कित्ता गिरवला, तर माझं दार मोकळं होईल. त्याचा कागद सगळ्यांत वर ठेव."

मुलीनं ठेवला. "गावात ओळखीचं कुणी आहे का, तर नाही म्हणाला. पण माणूस चांगला. मला दगडावर बसलेली बघून गाडीतली उशी काढून दिली. परत द्यायला गेले तर म्हणाला, राहू दे, नुसती पडून असते."

तिनं पिशवीत हात घातला.

"तुम्हालाही पायरी टोचत असेल. घ्या, बसा हिच्यावर."

उशी निळ्या चौकड्यांची होती. एका कोपऱ्याला तेवढा लाल दोरा.