धावपट्टीवरून आलेला कॉल

चाळीस वर्षांपूर्वी इंजिनियर हेमचंद्र सबनीसांनी पॅसिफिकमधल्या एका एकाकी अमेरिकन बेटावर धावपट्टी बांधली. मध्येच गावाची दफनभूमी आली. ‘सर्व कबरी हलवल्या’ असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि कबरींवरच डांबर ओतलं.

आता त्यांची नात अनया त्या विमानतळाचा इतिहास लिहीत होती. भर दुपारी बेटावर उतरताच तिने अमेरिकेत बेलव्ह्यूला राहणाऱ्या आजोबांना व्हिडिओ कॉल केला.

“आजोबा, केवढे लोक मला रिसीव्ह करायला आलेत!”

स्क्रीनवर रिकाम्या धावपट्टीवर अनया एकटीच उभी होती.

“कुठे आहेत लोक?”

“हे काय, शेजारीच!” तिचा उजवा हात कुणीतरी धरल्यासारखा उचललेला होता. “सो स्वीट! तुमचं नाव सगळ्यांना माहितीये. या आजी विचारतायत, कबरी खरंच हलवल्या होत्या का?”

अनया हे पुस्तकात लिहिणार होती.

“हो,” ते म्हणाले. “एकूण एक हलवली.”

अनयाने ते शेजारी वळून इंग्रजीत सांगितलं आणि उत्तर ऐकून घेतलं.

“त्या म्हणतायत, मग खाली भरपूर जागा असेल.”

“अनया, पळ! मी खोटं बोललो!”

फोन खाली पडला. स्क्रीनवर नुसतं निळं आकाश उरलं. हेमचंद्र तिला हाका मारत राहिले.

मग डांबराच्या आतून नखांनी खरवडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून अनयाचा.

“आजोबा, इथे जागाच नाहीये.”