भुकेली बाग

हणमंत खताच्या टाकीत उतरून तळाचा गाळ खरवडत होता, तेवढ्यात टाकीचं झाकण आपोआप लागलं आणि खत कालवायला आत पाणी सुटलं. अ‍ॅव्होकॅडोच्या बागेला भूक लागली होती. मुळांशी बसवलेल्या तारांमधून झाडंच ठिबकाला खत मागायची आणि पंप फक्त त्यांचंच ऐकायचा. माणसं चुकतात, म्हणून कंपनीने बंद करायचं बटणच ठेवलं नव्हतं.

"शेवंते, पाणी छातीला लागलं गं!" हणमंत आतून ओरडला.

त्याच्या बायकोने धावत येऊन झाकण ओढलं. झाकण हलेना. मग तिला सुचलं, झाडांचंच पोट भरलं तर? सगळ्या बागेची मागणी कडेच्या थोरल्या झाडातून यायची. शेवंताने खताचं अख्खं पोतं त्याच्या बुंध्याशी ओतलं, वर पाण्याच्या घागरी रिकाम्या केल्या.

"खा मेल्या, खा!" ती रडत म्हणाली.

पंप थांबला. झाकण उघडलं. हणमंत खोकत बाहेर आला.

थोरलं झाड जादा खताने आठवड्याभरात करपून वाळलं, आणि बागेची मागणी शेजारच्या झाडातून येऊ लागली. पण तेव्हापासून शेवंताने बागेत पाऊल टाकलं, की एकही झाड खत मागत नाही. पंप गप्प होतो, आणि त्या शांततेत तिचीच छाती धडधडू लागते.